डब्यावरचा महाल

इंदिराबाईंनी बिस्किटांचा तो रिकामा डबा मोडीत घालायला काढला होता. गोपाळकृष्णपंत एवढंच म्हणाले, "राहू दे गं, सुया-दोरे ठेवायला होईल." पुढचं सगळं रामायण त्या एका वाक्यानं घडलं. झाकणावर बर्फाचे डोंगर होते आणि एका कड्यावर टोकदार मनोऱ्यांचा विलायती राजवाडा. बटण लावायला म्हणून डबा उघडला की इंदिराबाई झाकणाकडेच बघत बसायच्या आणि पंत बिनबटणाच्या सदऱ्यानं कामावर जायचे.

"असं खरंच कुठं असतं का हो?"

"असतं म्हणजे? खंडाळ्याला आहे की! राजेसाहेबांचा बंगला. डिट्टो हाच. नेईन एकदा."

पंत लोणावळा स्टेशनच्या मालधक्क्यावर कारकून. खंडाळा तांग्यानं अगदी जवळ, म्हणूनच ते 'एकदा' वर्षानुवर्षं लांबलं. (जवळचं काय, कधीही बघता येतं!) आणि एक दिवस पंतांची दौंडला बदली झाली. दौंडला ना डोंगर, ना धुकं. इंदिराबाईंनी डबा जुन्या साडीत गुंडाळून ट्रंकेच्या तळाशी ठेवला. भांडल्या असत्या तर पंतांना चाललं असतं, पण हे डबा गुंडाळणं त्यांच्या जिवाला लागलं.

"उद्या खंडाळा!" त्यांनी जाहीर केलं. परवाची गाडी होती. उद्या चुकलं की कायमचं चुकलं.

भाद्रपद होता. तेव्हाच्या त्या रस्त्यावर तांग्याच्या घुंगरांखेरीज आवाज नसायचा. दोन्ही बाजूंना सोनकी फुलली होती आणि धुकं घोड्याच्या कानाला लागून चाललं होतं. असे दिवस पुन्हा यायचे नाहीत, हे त्या दोघांना तेव्हा कुठं ठाऊक होतं? पंत तर बायकोला दरबारी रीत शिकवण्यात दंग होते. त्यांचे आजोबा कुठल्याशा संस्थानात होते. (पागेत होते, पण ते असो.)

"तीन मुजरे. बोलायचं नाही. आणि निघताना पाठ दाखवायची नाही, तसंच मागं मागं यायचं. कळलं?"

बंगला राखणाऱ्या कोंडाजीनं फाटक उघडलं. "बगा खुशाल. फकस्त दिवाणखान्यात बाई हायेत, तितं लय जवळ जाऊ नका."

पंतांना घाम फुटला. राणीसाहेब! दिवाणखान्यात धुक्यामुळं अंधुक उजेड होता. खिडकीपाशी, डोक्यावरून पदर घेतलेली, हिरव्या लुगड्यातली एक उंच बाई पाठमोरी उभी होती. पंतांनी पितळी बटणांचा रेल्वेचा कोट सारखा केला आणि कमरेतून वाकून मुजरा घातला. दुसरा घातला. तिसऱ्याला पगडीच जमिनीला टेकली. राणीसाहेब ढिम्म. पंत पाठ न दाखवता मागं सरकू लागले. उंबरा ओलांडला, व्हरांडा ओलांडला.

"अहो, मागं..." इंदिराबाई म्हणाल्या.

"श्श! बोलायचं नसतं!" असं म्हणून पंत पायऱ्या उतरले आणि थेट कारंज्याच्या हौदात बसले.

कोंडाजीनं त्यांना बाहेर ओढलं. त्याची बायको सरुबाई धावत आली. "आवं, मुजरा कुनाला करत हुता?"

"राणीसाहेबांना!" पंत कुडकुडत म्हणाले.

"कुटल्या रानीसायेब? दगडाची बाई हाय ती! विलायतंतनं आली तवा अंगावर चिंधी न्हाई. मला मेलीला बगवंना, म्हून माजं लुगडं नेसवलं. अन् जवळ गेलं की डुगडुगती."

कोरडं कापड म्हणाल तर तेवढंच होतं. सरुबाईनं ते सोडलं आणि पंतांना गुंडाळलं. "आन् तिनं काय तशीच उभी ऱ्हायाची व्हय?" असं म्हणत पंतांचा ओला कोट पिळून त्या बाईला चढवला आणि बटणं लावली.

इंदिराबाईंचं तिकडं लक्षच नव्हतं. त्या खिडकीशी गेल्या होत्या. धुकं सरलं, समोर नागफणीचा सुळका, खाली पांढरेशुभ्र धबधबे आणि बाहेर वाकून वर बघितलं तर डोक्यावर टोकदार मनोरा. "अगदी झाकणावरचाच आहे हो!" त्या म्हणाल्या, आणि त्यांचे डोळे भरून आले. हिरव्या लुगड्यातले पंत शेजारी जाऊन उभे राहिले. आयुष्यात आपण काहीतरी चांगलं केलं, असं त्यांना मनापासून वाटलं.

तांग्यात त्यांनी हळूच विचारलं, "तुला कधी कळलं?"

"पहिल्याच मुजऱ्याला."

"मग बोलली का नाहीस?"

"लग्नात माझ्या बाबांना तुम्ही उभ्या उभ्या नमस्कार केलात. म्हटलं, वाकता तरी येतं का ते बघू."

लुगडं धुऊन तांगेवाल्याबरोबर परत गेलं. कोट मात्र तिथंच राहिला. दौंडच्या उन्हात डबा पुन्हा बाहेर आला, इंदिराबाई झाकण बघून हसू लागल्या, आणि पंतांनी लोणावळ्याला जाणाऱ्या अंबाजी गार्डाला कोट आणायला सांगितलं.

अंबाजी हात हलवत परत आला. "पंत, कोट काही सरुबाई देत नाही. म्हणते, बाईला तुमच्यापरीस बरा बसतोय. आणि खरं सांगू? खोटं नाही तिचं. इतकी वर्षं तो कोट तुमच्या अंगावर बघितला, पण तिथं दारातून दिसला आणि मी चटकन सलाम ठोकला!"