बांधावरचे धर्मादादा

धर्मादादांनी मला पहिल्यांदा जेवायला बोलावलं ते असं: "मास्तर, रविवारी या. पानी अर्धं उतरलं की पानं मांडतो."

मी मान डोलावून घरी आलो. खाडीचं पाणी रविवारी अर्धं कधी उतरतं, हे मला कोणी सांगावं? नालासोपाऱ्याच्या एका शाळेत मी भूगोल शिकवत होतो. भरती-ओहोटीचा धडा दर वर्षी घेत होतो, फळ्यावर चंद्र-सूर्य काढून, बाणबिण दाखवून. त्या धड्यात जेवणाची वेळ मात्र कुठे दिलेली नव्हती. शेवटी आपला अंदाजाने बाराला गेलो, तर दादा कधीपासून भाताच्या टोपावरच्या माशा वारत बसलेले. "भूगोल शिकवता ना?" एवढंच म्हणाले. त्यानंतरचा एक घासही मला नीट गिळवला नाही.

दादांच्या भिंतीवर घड्याळ होतं, पण त्याला कधी किल्ली मिळत नसे. ते मुलाने विरारहून आणलेलं. मुलगा तिकडे ब्लॉक घेऊन राहत होता आणि बापाला "चला आता आमच्याकडे" म्हणून म्हणून थकला होता. दादांचं उत्तर ठरलेलं: "तुज्या खिडकीतून पानी कुटं दिसतं?"

सत्तरचं दशक सरत आलं होतं. मी आचोळ्यात खोली घेऊन राहत होतो आणि रविवारी काय करावं हा प्रश्न पडलेल्या आम्ही पंधरा-वीस जणांनी एक श्रमदान मंडळ काढलं होतं. अध्यक्ष बँकेतले सावे. उत्साह दांडगा, कामाची माहिती शून्य. कोणीतरी सुचवलं, खाडीकाठच्या गावाचा बांध खचत चाललाय, तो दुरुस्त करू. हा मातीचा बांध म्हणजे गावाची कवचकुंडलं. एका बाजूला खारं पाणी, दुसऱ्या बाजूला भात. पाणी एकदा आत शिरलं की दोन-तीन वर्षं त्या जमिनीत भाताचं नाव काढायला नको.

मी झोकात सूचना लिहिली: रविवारी सकाळी नऊ वाजता, फावडी-घमेली घेऊन. आम्ही नऊला शिस्तीत पोचलो, तर जिथला चिखल खणून बांधावर घालायचा ती जागाच पाण्याखाली! बांधावर त्या गावचे धर्मादादा एकटे बसले होते; ती आमची पहिली भेट. आमची ती वरात बघून त्यांना हसू आवरेना.

"एकादशीला नवाला पानी भरलेलं असतं, हे शाळेत शिकवत नाय?"

त्या दिवसापासून मंडळाच्या वेळा दादा ठरवू लागले. कधी पहाटे सहा, कधी भर दुपारी दोन. सावेंच्या बायकोला वाटायचं, नवरा काहीतरी लपवतोय.

दादांची आणखी एक खोड म्हणजे टाच. बांधावरून चालताना चार पावलं झाली की टाच आपटायची आणि मान वाकडी करून आवाज ऐकायचा. घट्ट असला तर "बरा हाय." याहून मोठी स्तुती त्यांच्याकडे नव्हती. पोकळ वाजला की आत खेकड्याचं बीळ! मग त्या खेकड्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करत बाहीपर्यंत हात आत. ही टाच त्यांच्या इतकी अंगवळणी पडली होती की माझ्या खोलीवर आले तेव्हा त्यांनी नव्या कोऱ्या इमारतीचा जिना पायरी-पायरीने वाजवून काढला. तिसऱ्या पायरीवर थांबले आणि घरमालकाच्या तोंडावर म्हणाले, "ही पोकल हाय." घरमालक पुढे महिनाभर माझ्याशी बोलला नाही.

कामावर त्यांचा हुकूम एकच: "घाई करा, पन पलू नका!" पळालं की ओला बांध हादरतो. आणि बांधाबाहेर खाऱ्या चिखलात वाढणाऱ्या तिवराच्या झाडांना हात लावायचा नाही. एकदा मंडळातल्या एकाने टेकू म्हणून तिवराची फांदी तोडली, तर दादांनी त्याच्या हातातला कोयता काढून घेतला. "लाटंचा पयला मार ती झाडं खातात. तू खाशील?" बिचाऱ्याने झाडाची माफी मागायची तेवढी बाकी ठेवली.

आणि मग ती आश्विनातली पौर्णिमा आली, नेमकी रविवारी. उधाणाची भरती, आणि आत भात लोंब्यांनी वाकलेला. आम्ही फटफटताना हजर झालो. दहाच्या सुमारास काम आवरतं घेतोय, तोच पारूवहिनींची हाक आली. बांधाला अगदी लागून त्यांचं शेत.

"दादा! पानी उकलतंय!"

शेताच्या कडेला बुडबुडे येत होते. बांधाखालून खाडीने वाट काढली होती. भरतीला अजून दोन तास होते आणि पाणी चढतच होतं. बांधाला एक खांड पडली की पारूवहिनींचंच काय, गावातली सगळी शेतं जाणार होती. भीती तर वाटत होतीच. खोटं कशाला बोलू, मला मजाही वाटत होती. इतक्या वर्षांत माझ्या हातून काहीतरी खरोखरचं होणार होतं!

दादा बाहेरच्या बाजूने छातीभर पाण्यात उतरले आणि पायाने चाचपत बिळाचं तोंड शोधू लागले. "घावलं! पेंढा द्या!" पेंढा दिला. पाण्याने तो गिळला. आणखी दिला, तोही गेला. "कापड! जाड कापड!" सगळे एकमेकांच्या तोंडाकडे बघू लागले. जाड कापड एकच होतं, मंडळाचा फलक, सावेंनी चार रात्री जागून रंगवलेला. "अहो, फलक..." असं काहीतरी सावे पुटपुटले, आणि मग त्यांनी स्वतःच तो काठीवरून ओरबाडला, चिखल भरून त्याचं गाठोडं केलं आणि दादांकडे फेकलं.

ते बसलं! मग चिखलाच्या गोळ्यांची रांग लागली. पोस्टातले, बँकेतले, गावातल्या बायका, म्हातारे, सगळे या हातातून त्या हातात. मी घाई केली आणि पळालोही, साहजिकच तोंडावर आपटलो. तोंडात खारा चिखल, आणि वरून पारूवहिनींचं हसू. साडेबाराला पाणी बांधाच्या माथ्याखाली वीतभर येऊन उभं राहिलं. हळूहळू बांधावर ओली रेघ दिसली, म्हणजे पाणी उतरायला लागलं होतं! आम्ही लहान पोरांसारखे ओरडलो. सावेंनी मला मिठी मारली. आमचे सावे, जे साधा हात मिळवतानाही आधी रुमालाने पुसतात!

पारूवहिनींच्या अंगणात भाकरी आणि सुक्या बोंबलाचं कालवण खाऊन सगळे आडवे झाले. संध्याकाळी उठलो, तर दादा कुठे दिसेनात. बांधावर गेलो. पाणी लांब गेलं होतं आणि बांधाच्या बाहेर, उघड्या पडलेल्या चिखलात, ते एकटेच उभे होते.

"तिथे काय करतायत?" मी मागून आलेल्या वहिनींना विचारलं.

"ते त्यांचंच शेत ना," त्या म्हणाल्या. "तुमाला ठावं नाय?"

खूप वर्षांपूर्वी इथला जुना बांध फुटला होता. खड्डा इतका खोल की तो बुजेना. नवा बांध आतून घालायचा, तर कोणाचं तरी शेत बाहेर टाकावं लागणार. सगळा गाव खाली मान घालून बसला. तेव्हा दादांनी काठी घेतली आणि स्वतःच्या शेताच्या आतल्या कडेने रेघ ओढली.

"कोनाला इचारलं नाय. बायकोला पन नाय," वहिनी म्हणाल्या. "त्या वर्साची लावनी तिनंच केलेली. मरेपर्यंत ती या बाजूला फिरकली नाय. दादा मातर रोज जातात."

दिवसभराचा माझा पराक्रम एकदम एवढासा झाला. त्यांना एकटं सोडवेना म्हणून मी बांध उतरलो आणि चिखल तुडवत सरळ त्यांच्याकडे निघालो.

दादांनी घाईघाईने हात वर केला.

"मास्तर, शेतामदनं नको. कडंकडंनं या."

समोर नुसता चिखल होता. मी मागे वळलो, आणि ते हाताने दाखवतील तसा शेताच्या कडेकडेने चालत त्यांच्यापर्यंत गेलो.