टेंपेच्या बुरशीचं लग्न

सून म्हणून केदिरीला येऊन मला सातच महिने झाले होते, पण टेंपेतलं मला सगळं कळतं, असं मी अर्ध्या बाजाराला सांगून ठेवलं होतं. त्यामुळे नणंदेच्या बाळंतपणासाठी सासूबाई पाच दिवस तिच्या गावी निघाल्या, तेव्हा मी छातीठोकपणे म्हणाले, "आई, निर्धास्त जा. परत याल तेव्हा कारखाना ओळखू येणार नाही."

हे मात्र अगदी खरं ठरलं.

कारखाना म्हणजे एक चूल, चार टोपल्या आणि तुळईला टांगलेली सागाची सात पानं. या पानांच्या खालच्या लवेत काजळीसारखी काळी बुरशी असायची. उकडलेल्या सोयाबीनला पान चोळायचं, दाणे केळीच्या पानात बांधायचे. दोन दिवसांत पांढऱ्या धाग्यांनी दाणे एकमेकांना घट्ट धरायचे आणि टेंपेची वडी तयार. ताज्या वडीवर नवं पान ठेवून तीच बुरशी पुढे चालवायची. अशी ती तीस वर्षं चालवून, टेंपे विकून, सासूबाईंनी एकटीनं तीन मुलं वाढवली होती. पानं गेली की चूल विझली, इतका साधा हिशेब.

त्यातच धाकटे दीर प्रानोतो सुट्टीला आले. मलंगच्या कॉलेजात ते जीवशास्त्र शिकत. सोबत काचेची बशी, तिच्यात कापसासारखी बुरशी.

"वहिनी, ही आपल्याच बुरशीच्या जातीची, पण दुसऱ्या लिंगाची. हिच्या कुळाचं नावच मुळी जोडीवरून पडलंय."

"मग आपलीला जोडीदार?"

"नाही. हे काळे ठिपके म्हणजे तिच्या बीजांच्या पिशव्या. एकटीच हजारो पोरं काढते."

"तीस वर्षं? एकटीच?"

"जोडी जमली तर टणक बीज धरतं. ऊन, दुष्काळ, कशालाही दाद देत नाही."

एवढं सांगून ते मासे धरायला मित्राच्या गावी गेले. बशी घरातच राहिली.

मी नवी नवरी. लग्न ही जगातली सर्वांत चांगली गोष्ट, अशी तेव्हा माझी समजूत होती. मी चांगला वार पाहिला, शुभकार्याला करतात ती लाल-पांढरी खीर केली आणि सातही पानांवर बशीतला कापूस चिमटीचिमटीनं ठेवला. दोन दिवसांनी तीच पानं मण-दीड मण सोयाबीनला चोळली.

पुड्या उघडल्या तेव्हा एकही पांढरा धागा नव्हता. दाणे बुळबुळीत, आणि वास असा की कोंबड्यांनी अंगण सोडलं. मी चुलीपाशी बसून रडले. शेजारच्या पाईजेमकडे एक पान मागितलं, तर ती म्हणाली, "घरची बुरशी आणि घरचा नवरा मी उसना देत नाही."

प्रानोतो परतले, भिंगातून पानं पाहिली. "वहिनी, अभिनंदन. लग्न लागलं. बीजं धरलीत."

"मग उगवत का नाही?"

"हे बीज आधी झोपतं. काही महिने."

"महिने? हे आधी का नाही सांगितलंत?"

"तुम्ही लग्न लावाल असं कुठं वाटलं होतं? पण एखादं पान तरी ठेवलं असेल ना तसंच?"

"एकीलाच बिनलग्नाची कशी ठेवणार?"

पाचव्या दिवशी सासूबाई आल्या. दारातच थांबल्या. "कोण मेलं?"

मी खाली मान घालून सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे विचारलं, "जन्मवार जुळवले होतेस?"

प्रानोतो म्हणाले, "आई, बशीतल्या बुरशीला जन्मवार नसतो."

"मग तिला घरात घेतलीच कशी?"

मी हुंदके देत म्हणाले, "तिला कुणी नव्हतं. मला वाईट वाटलं, आई."

"तुझे सासरे गेल्यापासून मलाही वीस वर्षं कुणी नाही. माझं काही अडलं?"

माहेरी जायचं गाठोडं कसं बांधायचं, एवढंच डोक्यात होतं. सासूबाईंनी तांदळाच्या रांजणात कोपरापर्यंत हात घातला आणि फडक्यात गुंडाळलेली दोन काळीभोर पानं बाहेर काढली.

"ही कधी ठेवलीत?"

"तुझं लग्न ठरलं त्या दिवशी," त्या म्हणाल्या आणि सोयाबीन भिजत घालायला निघून गेल्या.

परवा माझी नात मलंगहून आली. तीही जीवशास्त्रच शिकते. म्हणाली, "आजी, ते जोडीवाल्या बुरशीचं कूळच शास्त्रज्ञांनी मोडलं. आता दोन वेगळी घरं झालीत."

"यात माझा काही हात नाही," मी घाईघाईनं म्हणाले.

पण तिच्या पिशवीत काचेची बशी दिसली, आणि ती आंघोळीला गेल्याबरोबर मी दोन पानं रांजणात घातली.