मॉडेम, राउटर आणि एक उंट

सासऱ्यांनी दोन्ही डबे जेवणाच्या टेबलावर शेजारी शेजारी ठेवले, चष्मा पुसला आणि विचारलं, "जावईबापू, यातला हा करतो काय आणि तो करतो काय?"

जावयाला नेमकी याच प्रश्नाची धास्ती होती. तो कंप्युटर टेबलं बनवणाऱ्या कारखान्यात हिशेब बघायचा. लग्न जुळवताना मध्यस्थाने "मुलगा कंप्युटरमध्ये आहे" एवढंच सांगितलं. टेबल वाटेत कुठेतरी गळून पडलं. तेव्हापासून सासुरवाडीला टीव्ही रुसो की घड्याळ थांबो, हाक त्यालाच. बायकोला खरं काय ते माहीत होतं, पण ती तोंडाला पदर लावून मजा बघायची.

आजचं संकट मात्र त्याने आपल्या हाताने ओढवून घेतलं होतं. साठी उलटलेल्या बायकांच्या ऑनलाइन बुद्धिबळ स्पर्धेत सासूबाई अंतिम फेरीत पोचल्या होत्या. उपांत्य फेरीत ऐन मोक्याला नेट गेलं, आणि त्या कशाबशा तरल्या. इंटरनेटचा जुना डबा दाराजवळ, त्यांची खोली पार मागे. "एकाच डब्यावर दोन कामं लादली की असंच व्हायचं," जावई जेवताना बोलून गेला. "मॉडेम वेगळा हवा, राउटर वेगळा हवा. माझ्यावर सोडा, आई." त्यांनी सोडलं. आज चार वाजता अंतिम सामना होता आणि जुना डबा सकाळीच कंपनीचा माणूस घेऊन गेला होता.

"सोपं आहे, बाबा," जावई म्हणाला. "मॉडेम म्हणजे तुमचं पोस्ट ऑफिस. बाहेरची डाक इथे उतरते. राउटर म्हणजे पोस्टमन. कुठलं पाकीट आईंच्या टॅबलेटला, कुठलं टीव्हीला, ते तो वाटत फिरतो."

सासरे निवृत्त पोस्टमास्तर होते. उपमा तोंडातून गेली आणि जावयाला चूक कळली.

"असं होय!" सासऱ्यांचे डोळे चमकले. "मग वर्गीकरण कोण करतं? पत्ता चुकला तर डाक परत जाते का? आणि दोघांची पाकिटं एकदम आली तर आधी कुणाचं?"

"बाबा, आधी जोडू तर द्या!"

जावयाने मॉडेम दाराजवळच्या भिंतीतून येणाऱ्या वायरीला जोडला आणि खात्री म्हणून आपला लॅपटॉप थेट त्याला लावला. नेट आलं! सासूबाईंनी कौतुकाने मान डोलावली. बायकोने नवऱ्याकडे पहिल्यांदाच जरा आदराने पाहिलं. मग त्याने लॅपटॉप काढून त्याच वायरीचं टोक राउटरमध्ये खुपसलं. राउटरचे दिवे लागले, पण नेट गेलं ते गेलंच.

"मागे चार पिवळी भोकं आहेत आणि एक निळं," सासरे राउटर उलटा करून बघत होते. "हे निळं एकटंच का?"

"ते... शोभेला असेल."

"सरकारी असो की खाजगी, कुणी फुकट भोक पाडत नाही, जावईबापू. मॉडेमची वायर यात घालून बघा."

घातली. एक दिवा लाल होता तो केशरी झाला. सासऱ्यांना कोण आनंद! "बघा, रंग बदलला! का बदलला?" जावयाला ते सांगता येईना आणि नेटही येईना. त्याने घरातल्या जुन्या फोनवरून कंपनीच्या मदत केंद्राला फोन लावला. बराच वेळ सनई ऐकवून एका गोड आवाजाने सांगितलं, "नेट चालत नसल्यास कृपया आमच्या वेबसाइटला भेट द्या."

"भेट द्यायला चालत जाऊ का?" जावई रिसीव्हरवर ओरडला.

आता संशय भिंतीतल्या जोडणीवर गेला. ती जोडणी चपलांच्या कपाटामागे. कपाट चांगलं पुरुषभर उंच, आणि दाराजवळचा बोळ जेमतेम दोन माणसांचा. जावयाने कपाटाला मिठी मारून ते पुढे खेचलं. एक पाय काडकन मोडला, कपाट तिरकं झालं आणि वरचा कोपरा दाराच्या कडीखाली, खालचा समोरच्या भिंतीत, असं घट्ट पाचर मारल्यासारखं बसलं. दार आत उघडणारं. ते आता बोटभरही सरकेना. जितकं ओढावं, तितकं कपाट जास्त रुते. तिघांनी मिळून जोर लावला तेव्हा कपाटातून एक बूट पडला, तेवढंच.

"जोडणी ठीक आहे की नाही?" सासऱ्यांनी मागून विचारलं.

"ठीक आहे," जावई कपाळ पुसत म्हणाला.

"मग ओढलं कशाला?"

सासूबाईंनी घड्याळाकडे बघितलं. "जावईबापू, सामना सुरू व्हायला आलाय. तुमच्या मोबाइलवरचं नेट द्या."

घर तळमजल्याचं, भिंती हातभर जाड. मोबाइलला रेंज मिळायची ती फक्त दाराबाहेर, जिन्यात. आणि दार तर असं. खिडक्यांना गज. जावयाने मोबाइल गजातून बाहेर काढून दाखवला, पण तिकडेही रेंजची एकच कांडी, तीही येऊन-जाऊन.

तेवढ्यात बाहेरून थाप पडली. "काकू, सामना बघायला आले हो! दार उघडा!" समोरच्या घरातल्या डॉक्टरीणबाई होत्या, दातांच्या. दिवसभर कानाशी ड्रिल मशीन ऐकून त्यांचे कान जरा जड झाले होते. त्यामुळे त्या बोलायच्या मोठ्याने आणि ऐकायच्या निम्मं.

सासूबाई क्षणभर विचारात पडल्या. मग त्यांनी लाकडी पट मागवला, बोळात कपाटासमोर बसकण मारली आणि सोंगट्या मांडल्या. "डॉक्टरीणबाई, तुमच्या मोबाइलवर माझं खातं उघडा. समोर खेळणारीची चाल मला ओरडून सांगा, माझी मी ओरडून सांगते. बाकी एक अक्षर सुचवायचं नाही!"

"पासवर्ड काय?"

सासूबाई कधी नव्हे त्या लाजल्या. मग तोंड दाराच्या फटीला लावून हळूच म्हणाल्या, "लाडोबा."

"काय? लाडू बारा?"

"लाडोबा! लाडोबा!" जिन्यातून कुणीतरी खुदकन हसलं. सासऱ्यांनी मॉडेमवरून नजर हलवली नाही, पण त्यांचे कान तांबडे झाले. बायकोने आईकडे आणि बाबांकडे आळीपाळीने असं बघितलं, की जणू दोघांची आजच ओळख झाली.

सामना सुरू झाला. "प्यादं, ई पाच!" बाहेरून आरोळी येई. "घोडा, एफ तीन!" आतून उत्तर जाई. जिन्यावर माणसं जमत गेली. खेळ रंगला तशा सासूबाई बोळ विसरल्या, कपाट विसरल्या. त्यांचा उंट सी चारवर दबा धरून बसला होता. बराच विचार करून त्यांनी तो उचलला. "उंट, डी पाच!"

"बी पाच?"

"डी! डी!"

"कळलं, कळलं!" बाहेरून आवाज आला. आणि त्यानंतर पलीकडची चालच येईना.

इकडे सासरे मॉडेमसमोर उकिडवे बसून विचारत होते, "लॅपटॉपला याने डाक दिली. मग पोस्टमनला का देत नाही?"

"काय माहीत, बाबा," जावई मेटाकुटीला आला होता.

"आमच्याकडे पोस्टमनची बदली झाली की म्हाताऱ्या नव्याच्या हातात काही देत नसत. जुन्याचीच वाट बघत बसायच्या. याचंही तसंच असेल का?"

जावई हातातली वायर घेऊन थबकला. मॉडेमने सगळ्यात आधी पाहिला होता तो लॅपटॉप. त्याच्याच आठवणीत बसलाय लेकाचा! "बाबा, त्याला विसरायला लावू." त्याने मॉडेमचं बटण बंद केलं. सासरे म्हणाले, "जरा वेळ जाऊ दे, जुनी ओळख लगेच पुसली जात नाही." थोडं थांबून बटण चालू केलं. केशरी दिवा मिचमिचला, आणि हिरवा झाला.

"आलं!" दोघांनी एकमेकांना मिठीच मारली. सासऱ्यांनी विचारलं, "हिरवाच का?" आणि जावई एवढा खूश होता, की "मन प्रसन्न झालं की हिरवाच होतो," असं बेधडक सांगून मोकळा झाला.

टॅबलेट बोळात आला. सासूबाईंनी पडद्यावरचा पट बघितला, मग समोरचा लाकडी पट बघितला आणि हात छातीशी नेला.

"हा उंट बी पाचला कुणी नेला? तिच्या प्याद्याच्या तोंडात!"

"तुम्हीच सांगितलंत, काकू!" बाहेरून डॉक्टरीणबाई.

"मी डी म्हटलं, डी!"

"तेच तर, बी!"

जावयाने मनातल्या मनात हिशेब मांडला. फुकटचा उंट गेला, सामना गेला, सासुरवाडीतली इज्जत गेली. पण पडद्यावर काहीच हालेना. समोरची खेळाडू उंट मारत नव्हती. सासूबाई पुढे झुकल्या.

"तिला वाटतंय, मी सापळा लावलाय," त्या कुजबुजल्या. "प्यादं सरकलं की माझ्या हत्तीची वाट मोकळी होईल, अशी धास्ती घेतलीय तिने."

"होते का मोकळी?" सासऱ्यांनी विचारलं.

"होते खरी. पण मी कुठे एवढा विचार केला होता?"

 पडद्यावर तिचं घड्याळ पळत होतं आणि ती विचार करत होती. अगदी शेवटी तिने घाबरून वजीर मागे घेतला. सासूबाईंनी झटकन चाल केली. मग पुन्हा तिचा विचार, पुन्हा घड्याळ, आणि तिची वेळ संपली. पडद्यावर सासूबाईंच्या नावापुढे मुकुट उमटला. जिन्यात टाळ्यांचा कडकडाट झाला.

टॅबलेटवर त्या बाईंचा निरोप आला: "बाई, नमस्कार तुम्हाला. तो उंट बी पाच! असं काही कसं सुचतं हो?"

सगळे सासूबाईंकडे बघू लागले. बाहेरून डॉक्टरीणबाई दारावर थापा मारत विचारत होत्या की आता सुताराला बोलवायचं का. सासूबाईंनी कपाटावर नजर टाकली, मग मॉडेमच्या हिरव्या दिव्याकडे, मग घामाने निथळणाऱ्या जावयाकडे.

"लिहा, जावईबापू," त्या म्हणाल्या. "दार घट्ट लावून घेतलं आणि शांतपणे विचार केला."