न बोललेला नवस

रविवारी सकाळी अंगणातले भोपळे पाहून पूर्णिमा दारातच थांबली. बटाट्यांची पोती यायची होती. त्याऐवजी पिवळेधमक भोपळे भिंतीला टेकून बसले होते, आणि त्यातल्या सगळ्यात मोठ्यावर तिची तीन वर्षांची चिऊ घोडा घोडा करत होती.

"बटाटे कुठे आहेत?"

"तुकईथडच्या मामांनी हे पाठवले," योगेंद्र म्हणाला. तो तिचा नवरा. चहाचा कप आणि समजूतदार चेहरा घेऊन तो उभा होता. "चांगलं काम आहे म्हणून दिले, एक पैसा घेतला नाही. फुकट आलेल्याला नाही कसं म्हणायचं?"

"अहो, पण कूपनवर पुरी आणि बटाट्याची भाजी छापलंय."

"कूपन कोण वाचतंय?"

पूर्णिमाने चिऊला भोपळ्यावरून उचललं, फ्रॉकच्या आतल्या बाजूला टाचलेली मोबाईल नंबरची पट्टी जागेवर आहे ना ते पाहिलं आणि हातमोजे, डोक्याच्या टोप्या, पिण्याच्या पाण्याचे जार यांची मोजणी पुन्हा सुरू केली. ती मूळची नाशिकची, लग्न होऊन बऱ्हाणपुरात आलेली. कॉलेजात तिने दर वर्षी आनंदमेळा भरवलेला. स्टॉल लावायचा, कूपनं विकायची, जमलेली रक्कम चांगल्या कामाला द्यायची, यात अवघड काय आहे, असं तिनेच बैठकीत सगळ्यांना सांगितलं होतं. आता ते वाक्य तिला रात्रंदिवस चावत होतं.

काम खरंच चांगलं होतं. निवृत्त शिक्षिका ज्योत्स्नाताई राजपुऱ्यात एका खोलीत संध्याकाळचा वर्ग चालवायच्या. लूमवर आणि वीटभट्टीवर राबणाऱ्यांची मुलं तिथे यायची, आणि पूर्णिमा त्यांना गणित शिकवायची. वर्ग सुटेपर्यंत अंधार पडायचा. नदीकाठच्या वस्तीकडे जाणारा रस्ता केळीच्या बागांमधून, दिवा ना माणूस. मागच्या आठवड्यात वस्तीतल्या पालकांच्या वतीने मधुकर येऊन दारात उभा राहिला.

"मॅडम, शिकवणं चांगलं है तुमचं, मी नाही म्हणत नाही," तो म्हणाला. "पण पोरी अंधारात येतेत. सोमवारपासून गाडीचं काही झालं नाही, तर माझी कविता घरी बसल. तिच्या मागं बाकीच्याही बसतील."

कविताने नुकतंच कुठे अपूर्णांकांशी भांडण मिटवलं होतं. पूर्णिमाच्या तोंडून निघून गेलं, "सोमवारी गाडी असेल." म्हणून हा स्टॉल. त्याच्या कमाईतून मुलींसाठी एक रिक्षा वर्षभर ठरवायची होती.

चौकात पोचल्यावर तिला दुसरा धक्का बसला. टेंट हाऊसवाल्या विपुलने मंडप उभा केला होता. मंडप नखशिखान्त भगवा होता.

"निळा-पांढरा सांगितला होता ना मी?"

"भाभी, निळा-पांढरा सगळा लग्नात गेला. हा बघा, एकदम फ्रेश है. आणि माईक माझ्याकडून फ्री." असं म्हणून त्याने माईक चालतो की नाही ते पाहायला एक भजन लावलं, आणि चालतो हे सिद्ध झाल्यावरही ते बंद केलं नाही.

आचाऱ्याने भट्टीला काडी लावायला घेतली तेवढ्यात सासूबाई, आशाबाई, रिक्षातून उतरल्या. एका हातात नारळ, दुसऱ्या हातात घरातली हनुमानाची तसबीर.

"थांब रे बाबा. पूजा केल्याबिगर भट्टी पेटवतेत का कोनी? तेल उडते."

"आई, हा स्टॉल आहे," पूर्णिमा हळूच म्हणाली.

"स्टॉलच्या भट्टीत तेल उडत नाही का?"

तसबीर टेबलावर उभी राहिली. तिच्यासाठी कूपनाचं टेबल मागे सरकवावं लागलं. नारळ फुटला, उदबत्ती लागली, पहिली पुरी आणि चिमूटभर नुक्ती देवापुढे ठेवली गेली. गोड म्हणून मावा जिलेबी करायचा बेत होता, पण ती परवडेना, म्हणून बुंदीचीच धाकटी बहीण, ही नुक्ती केलेली.

आता पाहा. भगवा मंडप, पुरी, भोपळ्याची भाजी, नुक्ती, पुढे हनुमान आणि माईकवर भजन. बऱ्हाणपुरात एवढं सगळं एका जागी दिसलं की माणूस एकच प्रश्न विचारतो: रांग कुठून सुरू होते?

पहिली आली एक म्हातारी. तिने द्रोण पुढे केला, आचाऱ्याने सवयीने भरला, तिने तो कपाळाला लावला आणि पहिला घास तोंडात टाकला. पूर्णिमा कूपनाचं पुस्तक घेऊन धावली.

"आजी, ते जरा कूपन..."

आशाबाईंनी तिचा पदर मागे ओढला. "काय करून राह्यली तू? प्रसाद खाणाऱ्या बाईला पैसे मागशीन?"

"आई, हा प्रसाद नाही."

"तिनं कपाळाला लावला. आता आहे."

तोवर म्हातारीच्या मागे एक कुटुंब उभं होतं. कुटुंबामागे इतवाऱ्यातून बाजार करून निघालेल्या बाया, त्यांच्यामागे कोचिंग क्लासची पोरं, आणि त्यांच्यामागे रांग वळून दुसऱ्या गल्लीत शिरली होती. ज्योत्स्नाताईंनी घाईघाईने पुठ्ठ्यावर ठळक अक्षरात लिहिलं, 'आधी कूपन घ्यावे', आणि तो पुठ्ठा बांबूला बांधला. रांगेतल्या एका उत्साही गृहस्थांनी तो वाचला, मान डोलावली, बाह्या सरसावल्या, पूर्णिमाच्या हातातून कूपनाचं पुस्तक घेतलं आणि भराभरा फाडून वाटायला लागले.

"हे घ्या, हे घ्या. एकेक टोकन सगळ्यांनी घ्या, मग धक्काबुक्की नाही. व्यवस्था चांगली ठेवली है हां यांनी."

"काका, ती विकायची आहेत," पूर्णिमा काकुळतीला आली.

"बेटा, तू बस. तू सकाळपासून उभी है. आम्ही आहोत ना."

आणि ते खरोखरच होते. कोणी पाणी वाटायला घेतलं, कोणी द्रोण पुसायला. तिने आणलेले हातमोजे घालून एक अनोळखी बाई पुऱ्या लाटायला बसली. पूर्णिमा उभ्या जागी गोल फिरत होती. कडेवर चिऊ, आणि चिऊच्या दोन्ही मुठींत नुक्ती.

"दुपारपर्यंत पीठ संपेल," योगेंद्र तिच्या कानाशी म्हणाला. "संपलं की आपोआप थांबेल."

हा एकच आधार उरला होता. तोही गेला. पीठ संपत आलंय हे कोपऱ्यावरच्या किराणावाल्याने पाहिलं आणि हात जोडून कणकेचं पोतं पाठवलं. चालू भंडारा मध्येच बंद पडला तर आजूबाजूच्या दुकानांना चांगलं नाही, असं त्याचं म्हणणं. त्याचं पाहून शेजाऱ्याने तेलाचा डबा पाठवला. त्या डब्याचं पाहून केळीच्या एका व्यापाऱ्याने अर्धा टेम्पो केळी रिकामी केली. पूर्णिमासमोर एवढा माल आला आणि विकता मात्र यातलं एक केळंसुद्धा येत नव्हतं.

"निदान एक डबा फिरवू या का?" ज्योत्स्नाताईंनी विचारलं. "देणगीचा?"

तेवढ्यात विपुल माईक घेऊन आला. "भाभी, पब्लिक विचारून राह्यली, भंडारा कोणत्या खुशीत है? काहीतरी अनाउन्स करावं लागते."

"विपुलभाऊ, आम्हाला वर्गातल्या मुलींना घरी सोडायला रिक्षा हवी आहे. त्यासाठी आहे हे सगळं," पूर्णिमा एका दमात म्हणाली. निदान एवढं तरी लोकांना कळेल.

विपुलने मान हलवली, घसा साफ केला, आणि त्याचा आवाज थेट वेशीपर्यंत गेला.

"भाविक भक्तांनो, शांत राहा. आपल्या पूर्णिमा भाभींनी मन्नत मानली होती, की गोरगरिबांच्या पोरींना शाळेतून घरी जायला रिक्षा भेटू दे. आज त्या मन्नतीचा हा भंडारा है. कोणीही उपाशी जाऊ नका."

पूर्णिमाच्या मागे ज्योत्स्नाताईंनी देणगीचा डबा हळूच पिशवीत परत ठेवला.

आता, मन्नतीचा, म्हणजे नवसाचा, भंडारा कधी घालतात हे बऱ्हाणपुरात शाळकरी पोरालाही ठाऊक असतं. मन्नत पुरी झाल्यावर. म्हणजे रिक्षा मिळाली. चौकभर आनंद पसरला. बाया येऊन पूर्णिमाच्या कपाळी कुंकू लावायला लागल्या. पहिली म्हातारी दुसऱ्यांदा जेवायला आली होती, ती चिऊच्या गालावरून बोटं मोडून गेली. आणि रांगेतून हात पुसत मधुकर आला, मागे बायको आणि कविता.

"मॅडम," तो खाली बघत म्हणाला, "मला वाटलं, नुसतं बोलून राह्यल्या. माफ करा. उद्या कविता येते. वस्तीतल्या सगळ्या पोरींना मी आत्ताच फोन करून सांगून टाकलं."

"मधुकरभाऊ, ऐका जरा..."

"भाजी फर्स्टक्लास होती," तो म्हणाला आणि समाधानाने निघून गेला. कविताने जाताना वळून हात हलवला. पूर्णिमानेही हलवला, आणि मग मंडपाच्या बांबूला धरून उभी राहिली.

"योगेंद्र, उद्या त्या मुली येऊन दारात बसतील. अंधार पडल्यावर मी काय सांगू त्यांना?"

योगेंद्रपाशी या वेळी समजूतदार चेहरासुद्धा नव्हता.

भांडणाचा आवाज आला तो समोरच्या रिक्षा स्टँडवरून. सकाळपासून सगळा स्टँड आळीपाळीने जेवून गेला होता. आता सगळे एकमेकांच्या अंगावर चालून जात होते. कोणी कोणाला शपथा घालत होतं. शेवटी त्यांच्यातले वयाने मोठे यादवभैया हातात द्रोण तसाच घेऊन रस्ता ओलांडून आले.

"भाभीजी, बुरा मत मानना. स्टँड आपके सामने है. आणि काम बाहरवाले को दे दिया?"

"कोणतं काम?"

"बच्चियों की रिक्षा का. हमारे में से तो कोई कबूल नहीं कर रहा. किसको दिया?"

दिवसभरात पहिल्यांदाच कोणीतरी तिला सरळ प्रश्न विचारला होता. पूर्णिमाचे डोळे भरून आले.

"कोणालाच नाही हो. रिक्षा मिळालीच नाही."

"मतलब मन्नत पूरी नहीं हुई?"

"मन्नत मानलीच नव्हती, भैया. आम्ही पुरी-भाजी विकून रिक्षाचे पैसे उभे करणार होतो. विकली कुठे? सगळी वाटली."

यादवभैयांनी द्रोणाकडे पाहिलं. मग हनुमानाकडे. मग पुन्हा द्रोणाकडे.

"और मैंने तीन बार खा लिया," ते पुटपुटले.

ही बातमी रस्ता ओलांडून स्टँडवर गेली आणि तिथलं भांडण एकदम थंड पडलं. एकेक जण येऊन मंडपाच्या कडेला उभा राहिला. एकाने तोंडाशी नेलेली नुक्ती अलगद द्रोणात परत ठेवली. मन्नत पुरी झाली नाही आणि तिचा भंडारा मात्र जेवून झाला, हा पेच त्यांच्यातल्या कोणावरच आजवर आला नव्हता. सगळ्यांनी आशाबाईंकडे पाहिलं. नारळ त्यांनीच फोडला होता.

आशाबाईंनी पदर सावरला, खुर्ची ओढली, सावकाश बसल्या.

"सोपं है," त्या म्हणाल्या. "मन्नतीचं जेवण आगाऊ झालं, तर मन्नत मागाहून पुरी करावी लागते."

"किसने, अम्मा?"

"ज्यानं खाल्लं त्यानं."

हा नियम सासूबाईंनी कुठून आणला, हे पूर्णिमाने पुढेही कधी विचारलं नाही. त्या वेळी एवढंच दिसलं की यादवभैयांनी मागे वळून आपल्या माणसांकडे पाहिलं आणि बोटावर वार मोजायला सुरुवात केली.

"सोमवार मेरा. मंगळवार कोण?"

मंगळवारसाठी दोघांचे हात वर गेले. शनिवारवरून तर जोराची बाचाबाची झाली, कारण शनिवार हनुमानाचा. ज्याने नुक्ती परत ठेवली होती त्याने हट्टाने दोन वार मागितले. ज्योत्स्नाताई खुर्चीत बसून तोंडाला पदर लावत होत्या. त्यांना हसू आवरत नव्हतं.

मग पूर्णिमा भानावर आली. आणि भानावर आली म्हणजे तिला काळजी वाटायला लागली.

"लायसन्स सगळ्यांकडे आहे ना? दाखवा. ब्रेक कधी तपासले? मुली मागेच बसतील, पुढे ड्रायव्हरशेजारी एकही नाही. उजव्या बाजूला दांडी आहे ना? वस्तीत पोचलं की मला फोन. पोचल्यावर, रस्त्यातून नाही. गाडी चालवताना फोन घेता का तुम्ही?"

"भाभीजी," यादवभैया हात जोडून म्हणाले, "इतना तो आरटीओ भी नहीं पूछता. हम मन्नत पूरी कर रहे हैं की इंटरव्ह्यू दे रहे हैं?"

"दोन्ही," पूर्णिमा म्हणाली आणि लायसन्ससाठी हात पुढे केला.

सोमवारी अंधार पडला तेव्हा वर्गाच्या दारात यादवभैयांची धुऊन पुसून लख्ख केलेली रिक्षा उभी होती. मधुकर सायकल घेऊन खात्री करायला आला होता. तो रिक्षाच्या मागे मागे वस्तीपर्यंत गेला. पूर्णिमा खिडकीत मोबाईल धरून उभी राहिली. फोन वाजला.

"पोचल्या, भाभीजी. सगळ्या. आणि तुमची कविता रस्ताभर मला अपूर्णांक शिकवून राह्यली."

त्यानंतरच्या बैठकीत ज्योत्स्नाताईंनी वर पाहिलं. वर्गाचं छप्पर दोन ठिकाणी फुटलं होतं, आणि त्यातून आभाळ सरळ फळ्यावर उतरत होतं. नवीन पत्र्यांशिवाय आता भागणार नव्हतं.

"मग पुन्हा आनंदमेळा?" योगेंद्रने भीत भीत विचारलं. "या वेळी कूपनं मोठ्या अक्षरात छापतो. आणि मंडपाचा रंग आधी स्वतः जाऊन बघतो."

पूर्णिमाने चिऊच्या वेणीला रबर लावलं. थोडा विचार केला.

"कूपनं नकोत," ती म्हणाली. "तुम्ही एवढंच करा. लोखंडी पत्रे विकणाऱ्यांच्या दुकानांसमोर मंडपाला जागा मिळते का, ते बघून या."