दोन हात कोरं कापड

आंब्याच्या पेट्यांवर ठसे मारण्यात माझा हात धरणारा सबंध मांडवीत कोणी नाही! मग साडीवर ठसे मारायचे त्यात काय मोठंसं? पेटी टणक, साडी तर बिचारी मऊ! असं मी लेकीला, मनस्वीला, छाती फुगवून सांगितलं.

साडी तिच्याच साखरपुड्याची. माझी बायको मालन लाकडी ठशांनी साड्या छापायची, रंगही घरीच करायची. ही तिची शेवटची. पदरापासून छापत आली आणि टोकाला दोन हात कापड कोरं ठेवून गेली. ते कोरं मला बघवत नव्हतं.

"बाबा, बिघडली तर दुसरी मिळायची नाही हां!"

"माझी पेटी कधी बिघडली होती?"

गंजलेलं लोखंड आणि गूळ पाण्यात मुरवून मालन काळा रंग करायची, एवढं मला ठाऊक होतं. होडीचे जुने खिळे आणले, गूळ आणला, मागीलदारी पिंप भरलं. काही दिवसांत फेस आला. वास असा, की मांजराने वाट बदलली! रंग मात्र पातळ चहासारखा. माझ्या पंच्यावर ठसा मारून पाहिला, तर नुसता मळका डाग! साडीला लावायचा धीर होईना. म्हणून आणखी गूळ आणला. मग आणखी.

गुळाची बातमी दुकानातून निघाली, वास आमच्या परसातून. दोन्ही पोचली शेजारच्या सत्यवतीकडे. ती थेट दारात!

"भाऊजी, वहिनी गेल्या, दुःख आहे, कबूल. पण म्हणून घरात हातभट्टी? सोयऱ्यांना कळलं तर पोरीचं काय?"

"अगो, तो रंग आहे!"

"आमचे हे पण आधी काढाच म्हणायचे!"

संध्याकाळी 'आमचे हे', म्हणजे जानू, पेला घेऊन हजर.

"भाऊ, माणसाने एकट्याने पिऊ नये. शेजारधर्म म्हणून आलो."

"जानू, अरे तो रंग..."

"माझ्यापासून लपवता?"

पेला पिंपात बुडवून त्याने तोंडाला लावलासुद्धा! तोंडात सुपारी होतीच. ती बहुतेक जन्मापासून आहे.

घोट खाली गेलाच नाही. फवारा उडाला! जीभ, दात, ओठ, सगळं काळंकुट्ट! जानूने जणू शाईची दौत चघळली होती!

सत्यवती धावत आली, नवऱ्याचं तोंड पाहून किंचाळली. मी ओरडलो, "काळा! काळा आला!"

"माझा नवरा मरतोय, नि तुम्ही नाचता?"

नाचतच होतो! सुपारी तुरट. मालन साडी आधी हरड्याच्या पाण्यात भिजवायची. हरडाही तुरट! तुरटाला लागला की हा रंग काळा! माझ्या पंच्याला कुठला हरडा?

जानूला चुळा भरायला लावून मी साडी पसरली. ठसा बुडवला, दाबला. आधी भुरका, मग डोळ्यांदेखत काळाभोर! मालनच्या वेलीला माझी वेल जाऊन मिळाली. जरा वाकडी. पेटीच्या सवयीने दोनदा बुक्की जोरात बसली. पण मिळाली.

साखरपुड्याला मनस्वी साडी नेसून आली. मी चष्मा पुसून पुसून बघतोय. पदर मालनचा, निऱ्या मालनच्या.

"अगो, माझं काम कुठे?"

"ते टोक आतच खोचतात, बाबा. पहिल्या वेढ्यात गेलं."

म्हणजे एवढा गूळ, एवढी बदनामी, आणि प्रत्येक फोटोत तोंड मिटून उभा असलेला जानू, सगळं एका परकराला दाखवायला!

मालनला हे ठाऊक असणारच. नेमकं तेवढंच माझ्यासाठी ठेवलंन. माझा हात ओळखून होती ती!