घरात ‘शे’, बाहेर ‘आहे’

रस्त्यात बसलेल्या म्हशीला भामरे साहेबांनी “आपण कृपया थोड्या बाजूला सरकाल का?” असं विचारलेलं मी स्वतःच्या कानांनी ऐकलं आहे. म्हैस सरकली नाही. साहेबांनी जीपच्या खिडकीतून तिच्याकडे जरा वेळ पाहिलं, “त्यांची इच्छा दिसत नाही,” असं म्हणाले आणि ड्रायव्हर सुखलालला गाडी शेताच्या कडेने काढायला सांगितली. यात त्यांना काही गंमत वाटत होती अशातला भाग नाही. माणूस पूर्ण गंभीर होता.

मी कऱ्हाडकडची. वजनमापे खात्यात निरीक्षक म्हणून माझी पहिली नेमणूक जळगावला झाली आणि पहिल्याच दिवशी शिपाई मला म्हणाला, “मॅडम, साहेब आते येतीन.” आमच्याकडे आते म्हणजे बापाची बहीण. मला वाटलं, साहेबांची आत्या येणार आहे. पहिलाच दिवस, मोठं माणूस येतंय म्हणून मी पदर सारखा करून उठून उभी राहिले, तर दारातून भामरे साहेब आत आले. ‘आते’ म्हणजे ‘आत्ता’, हे मला दुपारी कळलं.

त्या परक्या मुलखात साहेबांचं मराठी म्हणजे माझ्यासाठी पाणपोई होती. शब्द न् शब्द कळायचा. इतका कळायचा की कधीकधी नको वाटायचं. ट्रक तोलायच्या वजनकाट्याला ते ‘तुलासेतू’ म्हणत. आम्हाला सगळं गाव काटेवाले म्हणे, साहेब मात्र फोन उचलून ‘वैधमापनशास्त्र विभाग’ असं पूर्ण म्हणत, तोवर पलीकडच्याने फोन ठेवलेला असे. अर्धवट बोललेलं त्यांना चालत नसे. एकदा सुखलाल धावत येऊन म्हणाला, “साहेब, गाडीनं टायर...” साहेब म्हणाले, “वाक्य पूर्ण करा.” बिचाऱ्याने वाक्य पूर्ण केलं, तोवर उरलीसुरली हवाही गेली.

पिंप्राळ्यात ते राहत, तिथली भाजीवाली त्यांच्याशी हिंदीत बोले. एवढं शुद्ध बोलणारा माणूस इथला नसणार, अशी तिची खात्री होती. माझीही होती. मी एकदा विचारलंसुद्धा, “साहेब, आपण मूळचे पुण्याचे का?” ते म्हणाले, “नाही बाई, मी येथलाच.” मला तो विनय वाटला.

मागच्या हिवाळ्यात आम्ही शिरपूरच्या बाजूला एका कापसाच्या जिनिंगवर काटा तपासायला निघालो. महिन्याच्या अखेरीला साहेब निवृत्त होणार होते, म्हणजे ही त्यांची शेवटची फेरी. चोपडा मागे पडलं आणि बंगळूरहून त्यांच्या मुलाचा फोन आला. जीपच्या खडखडाटात ऐकू येईना म्हणून साहेबांनी फोनचा आवाज मोठा केला, त्यामुळे आम्ही दोघंही त्या संभाषणात सामील झालो. मुलगा चांगला होता, मनापासून बोलत होता. आई गेल्यापासून तुम्ही एकटेच आहात, घर बंद करा, कायमचे इकडे या, आज संध्याकाळी तिकीट काढतो, फक्त हो म्हणा. साहेब म्हणाले, “संध्याकाळपर्यंत निश्चित कळवतो.” मग बराच वेळ ते खिडकीतून पळणाऱ्या केळीच्या बागा बघत राहिले.

जिनिंगचे शेठ मारवाडी, हसतमुख. साहेबांनी त्यांना विचारलं, “आपला तुलासेतू कोठे आहे?” शेठ गोंधळले. म्हणाले, पूल तर नदीवर आहे साहेब, आमच्याकडे कुठला? मी हळूच काट्याकडे बोट केलं. काटा चोख निघाला, शिक्का मारला, शेठनी जेवणाचा आग्रह केला. साहेबांनी तो नाकारला आणि गाडीत बसताना सुखलालला एवढंच म्हणाले, “आता भोजनाची सुट्टी आहे. हा वेळ शासनाचा नाही. गाडी घ्या.”

कुठे ते सुखलालने विचारलं नाही. अनेर नदीच्या अंगाने एका कच्च्या वाटेला त्याने गाडी घातली आणि थोड्या वेळाने एका काळ्या दगडी देवळापाशी थांबवली. साहेबांनी चपला काढल्या, नदीवर पाय धुतले आणि खाली वाकून आत गेले.

सुखलालने मला बाहेर सांगितलं, “बाईसनं माहेर शे हाई गाव. साहेब हर टाइमले आठे येतस.” बाई म्हणजे साहेबांची गेलेली बायको, हे तिचं माहेर. मग हळूहळू सगळंच सांगितलं. तो जुना माणूस, बाई असतानाही त्यांची गाडी त्यानेच चालवलेली. साहेब धुळ्याकडच्या खेड्यातले, घरात अहिराणीच. नोकरीला लागल्यावर पुण्याला प्रशिक्षणाला गेले तर तिथे त्यांच्या ‘शे’ला सगळा वर्ग हसला. परत आले ते ‘आहे’ घेऊनच. बाईंनी मग नियम घालून दिला, घरमा ‘शे’, बाहेर ‘आहे’. मुलांना कुणी हसू नये म्हणून मुलांशीही ‘आहे’. म्हणजे ‘शे’ उरला तो फक्त नवराबायकोत. आणि बाई गेल्या.

पाया पडावं म्हणून मी आत गेले.

बाहेर लख्ख ऊन, आत एकदम थंडगार काळोख. काही क्षण मला काहीच दिसेना. मग एकेक करून खांब दिसू लागले, जाडजूड, दगडावर नुसता दगड ठेवलेले, आणि वर पाकळ्या कोरलेलं छत. चुना नाही, माती नाही, आणि शेकडो वर्षं सगळं एकमेकांना धरून उभं. दुपारची वेळ, पुजारी घरी गेलेला. गाभाऱ्यात एकच समई आणि तिच्या उजेडात शेंदराने माखलेल्या देवीचे चांदीचे डोळे. देवळं मी पुष्कळ पाहिली आहेत. पण इथे मी हात जोडायच्या आधीच अंगावर काटा आला.

साहेब गाभाऱ्यात देवीसमोर मांडी घालून बसले होते. त्यांची पाठ माझ्याकडे होती. ते म्हणाले, “उनू मी.” आलो मी.

आणि गाभारा म्हणाला, “उनू मी.”

असा घुमणारा आवाज मी जन्मात ऐकला नव्हता. लगेच येत नव्हता. आधी शांतता, आणि मग दगडातून, सावकाश, शेवटचे दोन-तीन शब्द उलटून यायचे, ओळखीच्याच पण जरा मऊ आवाजात. “बरं शे ना?” साहेबांनी विचारलं. “बरं शे ना?” दगडाने विचारलं. “बरं शे,” साहेब म्हणाले.

हा आवाज आमच्या साहेबांचा नव्हता. ऑफिसातला आवाज इस्त्री केलेला असे, हा घरात धुऊन धुऊन मऊ झालेल्या धोतरासारखा होता. ते भराभरा सांगत होते, वाक्यं अर्धी सोडत होते, मध्येच हसत होते. गॅसची टाकी आली. भाजीवाली अजून हिंदीतच बोलते. “तुनी जास्वंदले फूल उनं,” तुझ्या जास्वंदीला फूल आलं, असं ते म्हणाले, आणि तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. देवीची जास्वंद पिंप्राळ्यात कशी असेल? ते देवीशी बोलतच नव्हते, बाईंशी बोलत होते. घरात एकट्याने भिंतीशी बोललं तर लोक वेडा म्हणतात. देवळात कोणी काही म्हणत नाही.

मी तिथून निघून जायला हवं होतं. मी ऐकतच राहिले. इतकं सुंदर बोलणारा माणूस मी रोज पाहत होते आणि मला तो माहीतच नव्हता, याचं मला नवलही वाटत होतं आणि रडूही येत होतं.

मग साहेब म्हणाले, “पोऱ्या बलाई राह्यना. जासू म्हणस. पन तठे मनासंगे कोन बोली?” मुलगा बोलावतोय, जाईन म्हणतो, पण तिथे माझ्याशी कोण बोलेल?

“कोन बोली?” गाभारा म्हणाला.

साहेबांनी डोळ्यांवरचा चष्मा काढून मांडीवर ठेवला. आवाज एकदम लहान झाला. “तू येशी ना?”

येशील ना माझ्याबरोबर, असं ते तिला विचारत होते. एवढ्या दिवसांत तेवढं अहिराणी मला कळायला लागलं होतं. समईची वात हलली नाही, बाहेर कुठला पक्षीही ओरडला नाही. आणि मग दगडातून तोच प्रश्न परत आला.

“येशी ना?”

आता विचारणारी ती होती, इथे येत राहशील ना, असं. साहेब त्या काळोखाकडे बघत राहिले. मला वाटतं, इतकी वर्षं येऊनही त्या देवळाने त्यांना ‘बरं शे ना’च्या पलीकडे स्वतःहून काही विचारलंय असं त्यांना पहिल्यांदाच वाटलं असावं.

“येसू,” ते म्हणाले. येईन.

गाभाऱ्याने तेही परत केलं, पण तोवर ते उठले होते आणि मी लगबगीने बाहेर आले होते.

बाहेर उन्हात आल्यावर त्यांनी चष्मा लावला, मला पाहिलं आणि म्हणाले, “चला बाई, विलंब झाला.” मी काही ऐकलं का, हे त्यांनी विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही. सुखलालने गाडी डांबरी रस्त्याला आणली तेव्हा साहेबांनी खिशातून फोन काढला. मुलाने पहिल्याच घंटीला उचलला.

“अरे, तिकीट काढू नकोस. नाही, प्रकृती उत्तम आहे. नाही, तुझ्यावर रागावलेलोही नाही. भेटायला अवश्य येईन, पण राहायला नाही.” पलीकडून बरंच काही येत होतं. साहेबांनी ते शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग, अगदी स्वच्छ मराठीत, म्हणाले, “काय करणार, तुझ्या आईला मी आत्ताच होकार देऊन आलो आहे.”