मुख्य ग्रंथी

रविवारी चार वाजता मुख्याध्यापिकाबाई सरांची नवी शिकवण्याची पद्धत बघायला घरीच येणार होत्या. शाळेच्या विज्ञान विभागाचं प्रमुखपद एक होतं आणि उमेदवार दोन. त्यातले भौतिकशास्त्रवाले आदल्याच आठवड्यात बाईंसमोर छान चमकून गेले होते, त्यामुळे जीवशास्त्राच्या आपल्या सरांना दोन दिवस घास गिळवत नव्हता.

सरांनी घरातल्या माणसांनाच ग्रंथी करून टाकलं. आई हायपोथॅलॅमस, बायको पियुषिका, मेहुणा थायरॉइड.

"आई, हे भिंतीवरचं तापमापक. खोली बावीस अंशांच्या खाली असली की सुनेला चिठ्ठी द्यायची. ती तिच्या भावाला चिठ्ठी देईल, तो हीटर एक आकडा वाढवेल. खोली उबदार झाली की तू चिठ्ठ्या थांबव. शरीरात हेच चालतं."

"म्हणजे आई हुकूम सोडणार आणि मी नुसती निरोप्या?" बायकोने विचारलं. "हे वेगळं काय झालं?"

"निरोप्या कसली? पियुषिकेला मुख्य ग्रंथी म्हणतात! केवढा मान!"

बायको तो मान घेऊन चिठ्ठ्यांचे कागद फाडायला बसली.

बाई आल्या, सोफ्यावर बसल्या. सर म्हणाले, "बाई, माझ्या पद्धतीत शिक्षकाला मध्ये पडावंच लागत नाही. सगळं आपोआप सुरू होतं, आपोआप थांबतं."

पहिली चिठ्ठी निघाली. हीटर एकवर गेला. दुसरी निघाली. दोन. बाई कौतुकाने मान डोलवत होत्या. चौथ्या चिठ्ठीला त्यांनी अंगावरची शाल काढली आणि पाचवीला रुमाल. सरांनी आईला डोळ्यांनी खुणावून पाहिलं, पण आई कामात गढली होती. आयुष्यात पहिल्यांदा तिचं म्हणणं घरात इतक्या झटपट ऐकलं जात होतं.

सहावी चिठ्ठी आली. मेहुणा म्हणाला, "भावजी, पुढे आकडेच नाहीत."

आपोआप थांबणार असं सांगून बसल्यावर थांबवायचं कोणत्या तोंडाने? सर घशातल्या घशात म्हणाले, "आतला हीटर आण."

तो आला. मग खिडक्या लागल्या. कपाटावरची मेणबत्ती हळूहळू वाकली. सरांच्या कपाळावरून घाम आणि डोळ्यांसमोरून प्रमुखपद एकदमच ओघळू लागलं.

"आई, अजून थंडी आहे?" शेवटी त्यांनी विचारलंच.

"मला कशाला थंडी? मी तर उकडून निघालेय," पदराने वारा घेत आई म्हणाली. "पण हे अकराच्या वर सरकत नाही, त्याला मी काय करू?"

बाईंचा धीर सुटला. त्या उठल्या आणि आईसमोरच्या तिपाईवरचा थंड पाण्याचा पेला त्यांनी उचलला. पेल्यात तापमापक उभं होतं.

"हे पाण्यात कोणी ठेवलं?"

"पाण्यात नाही हो," आई म्हणाली. "भिंतीवरचं मला दिसेना, म्हणून काढून जवळ घेतलं. नुसतं उभं राहीना, म्हणून रिकाम्या पेल्यात ठेवलं."

"मग पाणी?"

बायकोने जीभ चावली. "आईंचा पेला रिकामा दिसला की मी भरते. बारा वर्षांची सवय. हात आपोआप जातो."

"निदान ते तरी आपोआप झालं," बाई म्हणाल्या. त्यांनी तापमापक बाजूला काढलं आणि पाणी एका दमात पिऊन टाकलं.

मेहुण्याने खिडक्या उघडल्या. सर खाली मान घालून म्हणाले, "बाई, भौतिकशास्त्रवालेच योग्य आहेत. मला कळलं."

"थांबा. त्यांचा तास मला आज आठवतही नाही. वर चुकीची खबर गेली की खाली केवढा गोंधळ उडतो, हे तुमच्या घरातून मी मरेपर्यंत विसरणार नाही. पद तुमचं." बाईंनी कपाळ पुसलं. "फक्त एक. शाळेत हायपोथॅलॅमस मी. मी सांगेन ते तुम्ही खाली शिक्षकांना कळवायचं."

सर बाईंना आनंदाने दारापर्यंत पोचवून आले. मग त्यांचा चेहरा हळूहळू उतरला.

"म्हणजे गं, मी नुसता निरोप्याच झालो की!"

बायको सासूबाईंचा पेला पुन्हा भरत होती.

"निरोप्या कसले? मुख्य ग्रंथी म्हणतात," ती म्हणाली. "केवढा मान!"